तिसऱ्या मजल्यावरचं एक्सचेंज

आमच्या डोक्यावर राहणारे पियानो मास्तर गेले, आणि तेही पियानोवर नाक टेकवून, ही बातमी एका मंगळवारी दुपारी सव्वा वाजता आमच्या इमारतीत पसरली. पसरवली मीच. खोटं कशाला बोला.

माझीही बाजू ऐका. मी भांडी विसळत होते आणि छतातून एक सूर यायला लागला. व्हायोलिनसारखा, लांब. मास्तरांच्या इलेक्ट्रिक पियानोतून हल्ली कसलाही सूर येतो, त्यात नवल नाही, पण एरवी सूर येतो तसा जातो. हा आला आणि बैठक मारून बसला. पाच मिनिटं झाली, दहा झाली, भांडी संपली, ओटा पुसून झाला, तरी तो आपला तिथेच. वर्षभरापूर्वी मास्तरांना झटका येऊन गेलेला, उजवा हात तेव्हापासून लुळा. मी सुतावरून स्वर्ग गाठला, आणि स्वर्गात मास्तरांना बसवूनही टाकलं.

आमचे हे चष्म्याच्या दुकानातून जेवायला घरी आलेले. ह्यांना प्रत्येक गोष्ट भिंगातून बघायची सवय.

"डोकं टेकलं असतं तर आठ-दहा पट्ट्या एकदम वाजल्या असत्या," हे म्हणाले. "हा एकच सूर आहे."

"मग नाक टेकलं असेल."

हे ह्यांना पटलं. मास्तरांचं नाक ज्यांनी पाहिलंय त्यांना ते पटावंच लागतं.

पहिल्या मजल्यावरच्या शिवणबाईंना मी जिन्यातूनच हाक मारली. त्या मशीन तसंच टाकून, गळ्यात टेप, ओठांत दोन टाचण्या, अशा धावत वर आल्या. "टेप तरी काढा," मी म्हटलं, "त्यांना वाटायचं माप घ्यायला आलात." मग आम्ही तिघांनी मिळून तिसऱ्या मजल्याचं दार वाजवलं.

दार मास्तरांच्या बायकोनं, म्हणजे टेलिफोन मावशींनी उघडलं. कानांवर हेडफोन, केसांत खोचलेली पेन्सिल.

"मावशी, मास्तर...?"

"संत्रं खातायत. का गं?"

खरंच खात होते. कानांत कापसाचे बोळे घालून, संत्रं उजव्या मनगटाखाली दाबून धरून डाव्या हातानं सोलत होते. आम्हाला बघून त्यांनी एक फोड उंचावली. खोलीत तो सूर इतका भरला होता की खिडकीची काच बारीक थरथरत होती.

"हे काय आहे?" मी ओरडून विचारलं.

"लाइन अडकलीय," मावशी म्हणाल्या.

"मग बंद करा ना."

"बंद केलं तर डबा सगळे नंबर विसरतो. त्याच्या आतली बॅटरी गेलीय. माझं तीन दिवसांचं काम आहे त्यात. दुरुस्तीवाला जेवायला गेलाय, दोनला येईल."

आणि दोनपर्यंत आमची अख्खी इमारत त्या एका सुरात जेवली.

आता या मावशी कोण आणि हा डबा कसला, ते सांगते. टेलिफोन मावशी हे नाव त्यांना आम्ही ठेवलेलं नाही. त्या राहायला आल्या तेव्हाच ते सामानाबरोबर आलं. बावीस वर्षं त्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होत्या. समोर भोकांनी भरलेला बोर्ड, हातात पिना लावलेल्या दोऱ्या, कानाला हेडफोन. दिवा लागला की दोरी घालायची, "नंबर सांगा" म्हणायचं, दुसरं टोक हव्या त्या भोकात घालायचं. दिवा विझला, बोलणं संपलं, की क्षणात दोरी उपटायची, कारण पुढचा दिवा लागलेलाच असे. त्यांचा आवाज अजून तसाच आहे. त्या आवाजात त्यांनी "दूध उतू गेलं" म्हटलं तरी माणूस आधी रांगेत उभा राहतो.

मास्तरांशी लग्नही त्याच बोर्डावर जमलं. तरुणपणी मास्तर एकदा तक्रार नोंदवायला एक्सचेंजला फोन करते झाले. तक्रार अशी, की तुमच्या लाइनवर जी घरघर ऐकू येते ती मी पियानो लावायला वापरतो, आणि गेल्या आठवड्यापासून तिचा सूर उतरलाय. पलीकडून मावशी म्हणाल्या, "सूर उतरला तर उतरू दे, माझा कॉल पडला नाही पाहिजे." मास्तरांनी रोज फोन करून सूर तपासायला सुरुवात केली. सहा महिन्यांनी लग्न झालं. सूर काही चढला नाही.

मास्तरांचं काम होतं डान्सक्लासमध्ये पियानो वाजवायचं. बाजारपेठेच्या रस्त्यावर लोखंडी सामानाच्या दुकानावर हा क्लास आहे. एका भिंतीला आरसा, खाली लाकडी जमीन, पॉलिशचा आणि मोज्यांचा मिळून एक वास. सोमवारी आणि गुरुवारी संध्याकाळी मोठ्या माणसांचा वर्ग. आमचे हे त्यातलेच. डॉक्टरांनी ह्यांना सांगितलं होतं, चाला नाहीतर नाचा, आणि चालायचा ह्यांना कंटाळा. जोडीला शिवणबाई. मी नाचत नाही. मी बाकावर बसून बघते. कुणीतरी बघायला नको का?

तर बघून बघून माझ्या एक लक्षात आलं होतं. मास्तरांची खरी विद्या बोटांत नव्हती, डोळ्यांत होती. ते पट्ट्यांकडे बघायचेच नाहीत, नाचणाऱ्यांच्या पायांकडे बघायचे. वॉल्ट्झ म्हणजे एक-दोन-तीन, एक-दोन-तीन. आमच्या ह्यांचं 'तीन' नेहमी उशिरा यायचं. मग मास्तरांचा तिसरा ठोका दाराशी चपला घालून थांबायचा. ह्यांचं पाऊल पडलं की त्याच्याबरोबर निघायचा. ह्यांना आयुष्यभर वाटत आलं की आपण तालात नाचतो. सव्वीस वर्षं मास्तरांनी अशा किती जणांची लाज राखली असेल, मोजदाद नाही.

मग झटका आला. उजव्या हाताची बोटं फक्त कप धरण्यापुरती परतली. डावा हात शाबूत होता. "आता सगळंच डाव्या हातचा मळ," असं मास्तर आम्हाला हसून सांगायचे, आणि आम्ही खाली उतरलो की त्यांच्या घरातून नुसता डाव्या हाताचा पियानो ऐकू यायचा. एक-दोन-तीन, एक-दोन-तीन. वर गाणं नाहीच. जेवायला बोलावून पानावर फक्त मीठ वाढावं तसं.

डान्सक्लासच्या बाईंनी चार महिने वाट बघितली, मग एक स्पीकर आणला आणि रेकॉर्डिंग लावायला लागल्या. पहिल्याच गुरुवारी गाणं संपलं तेव्हा आमच्या ह्यांची दोन पावलं शिल्लक होती. शांततेत ह्यांनी ती एकट्यानं टाकली.

बाई मनानं वाईट नाहीत. त्या स्वतः मास्तरांच्या घरी आल्या. मीही होते, साखर परत करायला गेले होते, म्हणजे साखर निमित्ताला.

"मास्तर," बाई म्हणाल्या, "वार्षिक कार्यक्रम झाला की पुढच्या सत्रापासून मी कायमची रेकॉर्डिंगवरच जाणार आहे. तुम्ही कार्यक्रमाला पहिल्या रांगेत बसा, आम्ही तुमचा सत्कार करू."

मास्तरांनी चहाचा कप खाली ठेवला. सत्कार हा शब्द ऐकून माणसाचा चेहरा इतका पडलेला मी पहिल्यांदा बघितला.

"सत्कार नको," मावशी म्हणाल्या. "वॉल्ट्झ द्या. मोठ्यांच्या वर्गाची एक वॉल्ट्झ हे वाजवतील. ती जमली तर यांची खुर्ची यांना. नाही जमली तर मग हार घाला."

"एका हातानं?"

"डावा हात यांचा. उजवा कॉम्प्युटरचा."

"अहो, मशीनच वाजवणार असेल तर माझ्याकडे रेकॉर्डिंग आहेच की. फरक काय?"

"रेकॉर्डिंग थांबत नाही."

"आणि तुमचं थांबतं?"

"थांबवायला मी बसलेली असेन ना."

बाईंनी मास्तरांकडे बघितलं. मास्तर छताकडे बघत होते. मावशींना तोवर कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नव्हतं, हे खोलीतल्या चौघांपैकी तिघांना माहीत होतं. चौथ्या बाई. त्या हो म्हणाल्या.

मावशींनी मुलीनं टाकून दिलेला लॅपटॉप काढला आणि वाद्यांच्या दुरुस्तीवाल्याचं दुकान गाठलं. हा दुरुस्तीवाला म्हणजे अबोल प्राणी. शब्दागणिक पैसे पडतात असं समजून बोलतो. मावशींनी अडचण सांगितली. त्यानं ऐकून घेतलं, फळीवरून धूळ खाल्लेला एक चपटा डबा काढला, दोन वायरी दिल्या आणि म्हणाला, "मिडी."

"म्हणजे?"

"निरोप."

एवढ्या शिदोरीवर मावशी घरी आल्या. आठवडाभरानं जिन्यात भेटल्या तर डोळे लकाकत होते.

"अगं, तुला सांगते, या वायरीतून आवाज जातच नाही. मला वाटायचं गाणं जात असेल. नाही. नुसता निरोप जातो. अमुक पट्टी दाब, एवढ्या जोरानं दाब. मग दुसरा निरोप, आता सोड. आवाज काढायचा तो पलीकडच्यानं. कॉम्प्युटर नुसता ऑपरेटर."

"आणि तो डबा?"

"त्याच्या पोटात शंभर वाद्यांचे आवाज आहेत, पण स्वतःची एक पट्टी नाही. दुसऱ्यानं सांगितल्याशिवाय हूं की चूं करत नाही."

"आमच्या ह्यांच्यासारखा."

"तुझे हे सांगूनही करत नाहीत," मावशी म्हणाल्या आणि जिना चढून गेल्या.

गाणं लॅपटॉपमध्ये भरायचं काम मास्तरांचं. उजव्या हाताचं गाणं ते डाव्या हातानं, हळूहळू, एकेक ओळ वाजवायचे. लॅपटॉप त्यातले निरोप टिपून घ्यायचा. पडद्यावर रंगीत आडव्या रेघा उमटायच्या, एक रेघ म्हणजे एक सूर. मग मावशी गती नेहमीसारखी करून ऐकवायच्या. त्या दिवशी दुपारी मला खाली पहिल्यांदा पुरं गाणं ऐकू आलं. मी हातातला झाडू घेऊन तशीच उभी राहिले. उजवा हात मास्तरांचाच होता. तीच लकब, शेवटचा सूर किंचित रेंगाळत सोडायची. फक्त तो त्यांच्या डाव्या हातानं वाजवून ठेवलेला होता. मग वर मास्तर आणखी मोठ्यानं वाजवायला लागले आणि मावशींचं हसू ऐकू आलं, म्हणून मी परत झाडायला लागले. नवरा-बायकोचं हसणं ऐकत बसू नये. फार तर पाच मिनिटं.

मग मावशींना चेव चढला. नुसता पियानो कशाला? मुख्य गाणं डब्यातल्या व्हायोलिनला देऊ, पियानोला मधल्या जागा भरायचा भरणा देऊ, ताल धरायला दुरुस्तीवाल्याकडचं ड्रमचं एक पेटीएवढं यंत्र आणू. वायरींना वेगवेगळ्या रंगांचे धागे बांधले, तांबडा पियानोचा, निळा डब्याचा, पिवळा ड्रमचा. वहीत कोण कुठे जोडलंय ते लिहिलं. सगळं झाल्यावर बाईंना चहाला बोलावलं, तालीम दाखवायला. साखर आणायला मीही वर गेले.

मावशींनी हेडफोन चढवला, मास्तरांनी डावा हात ठेवला, बटण दाबलं. आणि काय सांगू. व्हायोलिन ड्रमचे ठोके वाजवायला लागलं. ड्रम गाणं म्हणायला लागला. पियानो एकटाच तिघांचंही वाजवत सुटला, घरात एकाच वेळी तीन सुना स्वयंपाक करत असल्यासारखा. मास्तरांचा डावा हात त्या गोंधळात एक-दोन-तीन करत राहिला, गर्दीत हरवलेल्या पोरासारखा. बाईंनी कप खाली ठेवला.

"हे काय चाललंय?"

मावशींनी शांतपणे बटण बंद केलं. "सगळे सगळ्यांचं ऐकतायत," त्या म्हणाल्या. "आपल्या इमारतीसारखं." हे म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघायची काही गरज नव्हती.

बाई उठल्या. दारात थांबून म्हणाल्या, "कार्यक्रमाला तीन आठवडे आहेत. मी तोवर रेकॉर्डिंग तयार ठेवते." चप्पल घालताना त्यांनी मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला. ते मास्तरांना जास्त लागलं असावं, कारण बाई गेल्यावर ते म्हणाले, "अगं, हार घालू दे त्यांना. हार काय वाईट असतो?"

"मला फुलांनी शिंका येतात," मावशी म्हणाल्या आणि दुरुस्तीवाल्याला फोन लावला.

दुरुस्तीवाल्यानं दोन शब्द खर्च केले: "नंबर द्या." मग मावशींच्या डोक्यात उजेड पडला. एकाच वायरीतून सोळा जणांचे निरोप जाऊ शकतात, प्रत्येक निरोपावर एकचा, दोनचा, दहाचा असा नंबर लिहिलेला. पण ऐकणाऱ्यालाही सांगून ठेवावं लागतं की बाबा रे, तुझा नंबर दोन, बाकीच्यांचे निरोप आले तर कान बंद ठेव. "म्हणजे एक लाइन आणि सोळा एक्स्टेन्शन," मावशी म्हणाल्या. "आधी नाही का सांगायचं?" तीन दिवस बसून त्यांनी प्रत्येक आवाजाला त्याचा नंबर दिला, डब्याच्या बारक्या पडद्यात बघत, त्याखालची चिमुकली बटणं दाबत. गती कमी-जास्त करायला एक फिरवायची कळ लॅपटॉपला जोडली. ती कळ उजव्या हाताशी, डोळे नाचणाऱ्यांच्या पायांवर, हे त्यांनी स्वतःच ठरवलं.

चौथ्या दिवशी, म्हणजे त्या मंगळवारी, गाणं पहिल्यांदा सुरळीत वाजलं. प्रत्येकानं आपापलंच वाजवलं. शेवटचा लांब सूर व्हायोलिनचा. मावशींनी पडद्यावर रेघ संपत आलेली पाहिली, बोलणं संपलं, आणि बावीस वर्षांची सवय लागलेल्या हातानं आपसूक निळी वायर उपटली.

'दाब' हा निरोप डब्याला पोचला होता. 'सोड' हा निरोप वायरीबरोबर बाहेर आला. डबा बिचारा आज्ञाधारक. सोड म्हणून कुणी म्हटलंच नाही, तर तो कशाला सोडेल? वायर परत घातली तरी उपयोग नाही, कारण तो निरोप जाऊन चुकलेला. आणि तोच सूर खाली माझ्या कानावर पडला आणि मी मास्तरांना मारलं.

दोन वाजता दुरुस्तीवाला आला. त्यानं आमच्या सगळ्यांकडे, शिवणबाईंच्या टेपकडे, मास्तरांच्या कापसाकडे बघितलं. लॅपटॉपच्या पडद्यावरच्या कोपऱ्यातलं एक बटण दाबलं. 'सोळाही जणांनो, धरलेलं सगळं सोडा,' असा निरोप गेला आणि सूर थांबला. एवढी शांतता झाली की खालच्या रस्त्यावरची सायकलची घंटी ऐकू आली.

"एवढंच?" मावशी म्हणाल्या.

"एवढंच." दारात वळून त्यानं त्या दिवसातलं सर्वात लांब वाक्य म्हटलं. "चालू गाण्यात वायर उपटू नका."

मास्तरांनी कापूस काढला. "थांबलं का? आत्ता कुठे ओळख होत होती."

मावशींनी कागदावर लिहिलं, 'वायर उपटू नये', आणि तो लॅपटॉपच्या वर चिकटवला. कार्यक्रमालाही तो तसाच होता. मी पाहिला, खुर्चीवरून मान वाकडी केली की वाचता यायचा.

कार्यक्रम रविवारी दुपारी. एका शाळेचं सभागृह भाड्यानं घेतलेलं, दीडेकशे माणसं, पंख्यांचा आवाज. मंचाच्या डाव्या कोपऱ्यात मास्तर, इस्त्रीचा कोट, समोर इलेक्ट्रिक पियानो. शेजारी टेबलावर डबा, ड्रमचं यंत्र, तीन रंगांचे धागे, आणि हेडफोन लावलेल्या मावशी. टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बाईंनी रेकॉर्डिंगचा स्पीकर आणून ठेवला होता. त्याचा लाल दिवा चालू होता. मास्तरांनी तो एकदा पाहिला आणि मग परत बघितलं नाही.

मोठ्यांचा वर्ग आला, आठ जोड्या. आमच्या ह्यांनी नवे बूट घातले होते. "अर्धा नंबर मोठे वाटतायत," मी सकाळी म्हटलं होतं. "बूट चष्म्यासारखे असतात, वापरून बसतात," असं उत्तर मिळालं होतं. मी पुढे काही बोलले नाही, कारण काही गोष्टी माणसाला चारचौघांत कळलेल्या बऱ्या.

वॉल्ट्झ सुरू झाली. मास्तरांचा डावा हात खाली, त्यावर पियानोचा भरणा, आणि वर ते व्हायोलिन. मावशी पडद्याकडे बघत नव्हत्या. त्या ह्यांच्या पायांकडे बघत होत्या. ह्यांचं 'तीन' उशिरा आलं, मावशींनी कळ केसभर मागे फिरवली, गाणं दाराशी थांबलं, पाऊल पडलं, गाणं निघालं. मास्तरांनी त्यांच्याकडे नुसती भुवई उचलली. पुढच्या वळणावर दोघं एकदमच थांबले आणि एकदमच निघाले. बायकोला उजवा हात म्हणायची पद्धत आहे. इथे ते मला डोळ्यांनी दिसत होतं. मी बाईंकडे पाहिलं. त्या स्पीकरशेजारी उभ्या होत्या, पण त्यांचा पाय ताल धरत होता.

आणि मग मोठ्या गिरकीत ह्यांचा उजवा बूट सुटला. साधा सुटला नाही. उडाला, मंचाच्या मध्यावर पालथा पडला, आणि मागून येणाऱ्या जोड्या एकमेकांवर आदळत थांबल्या. शिवणबाईंचा एक हात हवेत. हे एका पायावर.

अशा वेळी कळ फिरवून भागत नाही. कितीही हळू केलं तरी गाणं पुढे जाणारच. आणि बटण दाबून थांबवलं तर शांतता होते, आणि शांततेत माणूस बूट शोधायला लागला की दीडशे जणांना बूटच दिसतो. बाईंचा हात स्पीकरकडे गेला होता.

व्हायोलिन तेव्हा एका उंच सुरावर होतं. मावशींचा हात टेबलावरून गेला आणि निळी वायर बाहेर आली.

तोच. मंगळवारचा पाहुणा. सूर सभागृहात बैठक मारून बसला. मावशींनी दुसऱ्या हातानं लॅपटॉप थांबवला, पियानोचा भरणा आणि ड्रम गप्प झाले, पण व्हायोलिनला सोड म्हणून कुणी म्हटलं नव्हतं. मास्तरांनी अर्धा क्षण ऐकलं. मग त्यांच्या डाव्या हातानं त्या सुराखाली एक-दोन-तीन धरलं. पुढच्या फेरीत तेच ठोके थोडे खाली नेले, मग थोडे वर, आणि दर खेपेला तो एकच सूर वेगळा ऐकू यायला लागला, जणू गाण्यात इथे असंच लिहिलेलं आहे. लोक खुर्चीत पुढे सरकले. आमच्या ह्यांना काय सुचलं कोण जाणे, ते बुटाभोवती एका पायावर गिरकी घेत गेले, शिवणबाईंना झुकवून नमस्कार केल्यासारखं केलं, आणि त्या वाकण्यात बूट चढवला. टाळ्या पडल्या. लोकांना वाटलं बसवलेलं आहे.

मावशींनी पडद्यावर गाणं त्या ओळीच्या सुरुवातीला मागे नेलं, वायर आत घातली, मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी मान हलवली. बटण. व्हायोलिननं तोच सूर पुन्हा घेतला आणि या वेळी सोडला, आणि अडकलेला सूर त्याच्याबरोबर सुटून गाण्यात मिसळून गेला. आठही जोड्या 'एक'वर निघाल्या. ह्यांचं 'तीन' उशिरा आलं. गाणं थांबलं.

शेवटचा सूर वाजला तेव्हा मावशींनी दोन्ही हात मांडीवर धरून ठेवले होते.

कार्यक्रम संपल्यावर खुर्च्या आवरता आवरता बाई त्या टेबलाशी आल्या. त्यांनी आधी आपल्या स्पीकरचा दिवा बंद केला.

"पुढच्या सत्राचं वेळापत्रक छापायला द्यायचंय," त्या म्हणाल्या. "पियानो, मास्तर, हे आहे तसंच ठेवते. खाली मावशींचंही घालायचंय. काय म्हणून घालू?"

"ऑपरेटर," मावशी म्हणाल्या आणि निळी वायर गुंडाळू लागल्या.

मास्तरांनी उजव्या हाताच्या दोन बोटांनी कोटाचं बटण लावायचा प्रयत्न केला, ते लागलं नाही, म्हणून हसले आणि डाव्या हातानं लावलं. आमचे हे तेवढ्यात येऊन मास्तरांना सांगून गेले, की आज मी फारच तालात होतो. "अगदी," मास्तर म्हणाले. "आम्हालाच तुम्हाला गाठावं लागत होतं."

घरी जाताना डबा मी उचलला होता आणि वायरींची पिशवी मावशींनी. जिन्यात दुसऱ्या मजल्यावर मी थांबले. माझ्या पोटात एक गोष्ट दुपारपासून फुगत होती.

"मावशी, आता खरं सांगा. ती वायर तुम्ही मुद्दाम उपटलीत, का सवयीनं हात गेला?"

मावशींनी डबा माझ्या हातातून घेतला, काखेत धरला, आणि त्या टेलिफोनच्या आवाजात म्हणाल्या, "बावीस वर्षं सगळ्या गावाचं बोलणं माझ्या कानावरून गेलं, त्यातलं अक्षर मी कुणाला सांगितलं नाही. तुझ्या कानावर एक सूर पडला तर तू माझ्या नवऱ्याला पोचवून आलीस. तुला कशाला सांगू?"